पहिल्या गुन्ह्याचा पंचनामा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

११ जानेवारी १९८२ रोजी भर दुपारी वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मनोहर अर्जुन सुर्वे ऊर्फ मन्या पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. तो तिथे कशाला आला होता, इसाक बागवान आणि राजा तांबट या अधिकाऱ्यांनी त्याला कसे गाठले, सगळे आपल्या दफ्तरात आहे. मुंबईतली पहिली पोलीस चकमक म्हणून तिचा दाखला देतात. २०१३ मध्ये तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. शेवट असा साग्रसंगीत जपून ठेवलेला. या माणसाची सुरुवात आपण कुठल्या फायलीत ठेवली आहे, एवढे विचारण्यासाठी हे पत्र.

मी लालबागला राहतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी छापखान्यात नोकरी करून आता घरी बसलो आहे. आपल्या पक्षाचा नाही, समोरच्याही नाही. मतदार यादीत नाव आहे, तेवढ्या हक्काने लिहितो आहे. 'त्या वेळी आम्ही सत्तेत नव्हतो' हे उत्तर मला पाठ आहे, तेव्हा ते पाठवण्याची तसदी घेऊ नये. माणसे बदलली, खुर्ची तीच आहे, आणि शब्द खुर्चीने दिले होते.

मन्या १९४४ चा, रत्नागिरीकडच्या रनपारचा. १९५२ मध्ये मुंबईत आला. कोकणातून ट्रंक आणि वळकटी घेऊन येणाऱ्या हजारो घरांसारखेच त्याचे घर. पुढे तो कीर्ती कॉलेजात शिकला, पदवीधर झाला. १९६९ मध्ये सावत्र भावाच्या साथीने केलेल्या एका खुनात तो सापडला आणि जन्मठेपेवर गेला. हा गुन्हा त्याचाच. त्याचे खापर मी आपल्यावर फोडत नाही. एक माणूस जिवानिशी गेला होता, शिक्षा व्हायलाच हवी होती.

त्यानंतरची दहा वर्षे मात्र आपली आहेत. १९६९ ते १९७९ हा माणूस सरकारी छपराखाली होता. आधी येरवडा, तिथल्या मारामाऱ्यांनंतर रत्नागिरी. नोव्हेंबर १९७९ मध्ये तो इस्पितळातून निसटला आणि पुढच्या सव्वादोन वर्षांत दरोडे, खंडण्या, खून. फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर प्रतिस्पर्धी टोळीचा साबीर कासकर मारला गेला, त्यातही त्याचे नाव आले. एका खुनाचा आरोपी आत गेला आणि दहा वर्षांनी टोळीचा म्होरक्या बाहेर आला. मधल्या काळात त्याला कोणी काय शिकवले? 'सुधारसेवा' हा शब्द आपल्याच कारागृह विभागाचा आहे, म्हणून विचारतो.

आता एक तारीख आठवून पाहावी. मन्या ११ जानेवारीला मेला. बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्याच महिन्यात मुख्यमंत्रिपदावरून अंतुले गेले आणि बाबासाहेब भोसले आले. मुंबईतला एक गुंड संपवल्याचे समाधान पोलीस खात्याला झाले असेल. पण नवे गुंड कुठून येणार, त्या दाराची कडी त्याच आठवड्यात निघाली होती आणि तिकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. ऑगस्टात तर मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले, तेव्हा पाहणार तरी कोण?

कामगारांचे मागणे काय होते, हे आपण जाणताच. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणे, आणि १९४६ च्या कायद्याने मान्यतेचा मक्ता घेऊन बसलेल्या एकाच युनियनच्या तावडीतून सुटका. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्याशी आपले पटत नव्हते, हे समजू शकतो. त्यांच्याशी न पटण्याची किंमत अडीच लाख चुलींनी का मोजावी, हे मला आजवर कोणी समजावलेले नाही. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. कागदोपत्री माझे वडील संपावर असतानाच वारले.

इथे मला आमच्या चाळीतल्या, माझ्याच मजल्यावरच्या एका मुलाबद्दल सांगायचे आहे. नाव लिहीत नाही, त्याच्या बहिणीचा संसार अजून याच भागात आहे. माझ्याहून वर्षाने मोठा. संपापूर्वी आमच्या मजल्यावर पुरुष दिवसा दिसत नसत. दिसले तर रातपाळी करून झोपलेले. संप लांबला तसे ते गॅलरीत बसू लागले, लुंगी गुडघ्यापर्यंत ओढून, कठड्याला पाठ टेकून, दिवसभर. गिरणीचा भोंगा बंद झाला आणि घड्याळ नसलेल्या घरांना वेळ कळेना. आधी पितळी घंगाळ मोडीत गेले, मग हंडा, मग कळशी. त्या मुलाची आई खानावळ चालवायची. जेवणारेच संपावर, तेव्हा खानावळीची उधारीची वही फुगली आणि चूल विझली. तो नववीत होता. शाळेची फी राहिली म्हणून घरी पाठवला, तो परत गेला नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात बंद गिरणीची मागची भिंत चढून तो आत गेला. साच्यांचे पितळेचे बुश आणि तांब्याची तार, भंगारवाल्याकडे किलोवर विकायची. भिंतीच्या या बाजूला गोणपाट धरून, रस्त्यावर लक्ष ठेवत कोण उभे होते, तेही सांगून टाकतो. मी उभा होतो. मी चौदा वर्षांचा होतो. शिट्टी वाजवायची हे माझे काम, आणि वॉचमन आला तेव्हा भीतीने माझे ओठच सुकले. तो सापडला. मी पळालो.

चौकीवर हवालदाराने त्याचे वय अठरा लिहिले. तो पंधरा वर्षांचा होता. सोळाच्या आतल्या मुलाला मोठ्यांच्या कोठडीत घालायचे नाही, असा या राज्याचा १९४८ चा कायदा तेव्हा लागू होता आणि डोंगरीचे बालगृहही होते. पण वय लिहायला एक आकडा पुरतो, बालगृहात न्यायला गाडी लागते. तो अकरा दिवस मोठ्या गुन्हेगारांत राहिला. त्याचा जामीन बापाकडून होणार नव्हता, युनियनकडून नाही, आपल्याकडून तर नाहीच. जामीन भरला तो मटक्याच्या अड्ड्यावरच्या माणसाने. तो सुटून आला तेव्हा अंगात नवा शर्ट होता.

मटक्याचा धंदा या भागात कसा रुजला, हे आपल्या पोलीस खात्याला मी सांगावे असे नाही. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर पैसा लागायचा. आत गिरणीत कापूस, बाहेर गल्लीतही कापसाचाच आकडा. ओपन आणि क्लोज हे दोन इंग्रजी शब्द आमच्या आज्यांनाही ठाऊक होते. संपानंतर आकडा लावायला पैसे उरले नाहीत, पण चिठ्ठ्या पोचवायला, नाक्यावर उभे राहायला, वसुलीला पोरे मात्र वाटेल तेवढी मिळू लागली. चौकीचा हप्ता चुकत नव्हता. चुकत होता तो आमच्या घरातला पगार.

त्या मुलाने आधी चिठ्ठ्या पोचवल्या. मग दुकानांतून वसुली. मग एका मारामारीत चॉपर काढला. १९९१ मध्ये त्याचे प्रेत सापडले तेव्हा वर्तमानपत्रात पाच ओळी आल्या, 'कुख्यात गुंड' असे म्हणून. आडनावाची वेलांटी चुकली होती. आयुष्यभर प्रुफे पाहिलेल्या माझ्या डोळ्याला आधी ती वेलांटी दिसली, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता, ते सांगतो. मी सज्जन नव्हतो, घाबरट होतो. वडिलांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी १९८५ मध्ये मला छापखान्यात चिकटवले. महिन्याला चारशे रुपये. एवढाच फरक. एक नोकरी. पुढे याच गोष्टीचा शब्द आपण लेखी दिला, म्हणून लांबण लावून सांगितले.

तो लेखी शब्द आपल्याला आठवत असेलच. विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. १९९१ मध्ये ठरले होते की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक वाटा शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला. सुमारे सहाशे एकरांचा हिशेब. २००१ मध्ये आपण त्यात दुरुस्ती केली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची राहिली. गिरणीत मोकळी जागा असते किती? शेडला शेड लागून. उच्च न्यायालयाने कान पिळले, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली दुरुस्ती उचलून धरली. न्यायालयाचा निकाल मी मान्य करतो. पण दुरुस्ती न्यायालयाने लिहिली नव्हती, ती मंत्रालयात लिहिली गेली.

नोकरीचा शब्द त्याच नियमाच्या आणखी एका कलमात होता, ज्याची चर्चा कोणी करत नाही. गिरणीच्या जागेवर नवा व्यवसाय उभा राहिला तर कामगारांना, किंवा अंगी पात्रता असेल तर त्यांच्या घरातल्या किमान एकाला तिथे काम द्यायचे. वाचताना माझा हात थरथरला होता. घरटी एक नोकरी! या कलमाखाली किती पोरांना काम मिळाले? कुठल्या मॉलमध्ये, कुठल्या टॉवरमध्ये, किती पगारावर? नोंदवही असेल तर दाखवावी. मी पाहिलेली पोरे ठेकेदाराकडून आलेली, निळा गणवेश घातलेली, आपल्याच बापाच्या खात्याच्या जागी दुसऱ्यांच्या गाड्यांना शिट्टी मारून पार्किंग दाखवणारी आहेत. ती त्या कलमात मोजली असतील, तर तसे लिहून कळवावे.

दादरची कोहिनूर मिल नंबर तीन सरकारी होती. १९८३ मध्ये केंद्राने ज्या १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला, त्यातली. २००५ मध्ये तिची जागा ४२१ कोटींना विकली गेली. घेणाऱ्यांत कोणाकोणाच्या घरचे होते, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे काजव्याने सूर्याला दिवा दाखवणे. आणि आमच्याकडच्या ज्या गिरणीतल्या पितळी बुशांपायी एक पंधरा वर्षांचा मुलगा अकरा दिवस कोठडीत बसला, त्याच गिरणीचे सगळे साचे पुढे भंगारात निघाले. दिवसाउजेडी, ट्रक भरभरून, गेटपासवर. त्याचा पंचनामा झाला नाही.

टोळ्यांची हकीकत आपण माझ्याहून बरी जाणता. टोळीवाला बाबू रेशीम मार्च १९८७ मध्ये मारला गेला तो जेकब सर्कलच्या पोलीस कोठडीत. बॉम्ब टाकून हल्लेखोर कोठडीपर्यंत पोचले. रमा नाईक १९८८ मध्ये पोलिसांच्या गोळीने गेला. अमर नाईकचे कुटुंब दादरच्या भाजीबाजारातले. हप्ता मागायला आलेल्यांशी झालेल्या भांडणातून तो या वाटेला लागला, असे सांगतात. हप्ता मागणाऱ्यांना पोलिसांनी तेव्हाच आवरले असते तर? ऑगस्ट १९९६ मध्ये पोलिसांच्या गोळीने तोही संपला. मे १९९४ मध्ये महालक्ष्मीला गिरणीमालक सुनीत खटाव मारले गेले तेव्हा भायखळ्याच्या खटाव मिलच्या जमिनीचा व्यवहार चालू होता आणि तिच्या आवारात टोळ्यांचा वावर होता, हे लहान पोरांनाही ठाऊक होते. जमीन सोडवायची तर कामगारांची संमती लागत होती. संमती कोण कशी गोळा करत होते, हे आपल्या कामगार खात्याने तेव्हा विचारले का?

टोळीचे म्होरके अरुण गवळी यांचे वडील गिरणी कामगार. २००४ मध्ये गवळी चिंचपोकळीतून निवडून आपल्याच सभागृहात येऊन बसले. ते आमदार असतानाच, मार्च २००७ मध्ये, नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांचा राहत्या घरात खून झाला आणि त्या खटल्यात गवळींना जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि ऐन गणपतीत ते आपल्या दगडी चाळीत परतले. फुले उधळली गेली. त्याचा व्हिडिओ माझ्या भाच्याने मला मोबाइलवर दाखवला. तो सतरा वर्षांचा आहे, बारावी झाली आहे, कामाच्या शोधात आहे. व्हिडिओ त्याने दोनदा पाहिला. मी गप्प राहिलो, कारण त्याला दाखवायला माझ्याकडे दुसरा व्हिडिओ नव्हता.

गैरसमज नको. गरिबी होती म्हणून गुन्हा माफ, असे मी म्हणत नाही. आमच्या चाळीत बहात्तर खोल्या होत्या आणि बहात्तर घरांत उपासमार होती. त्यांतली तीन पोरे टोळीत गेली. बाकीच्यांनी भाजी विकली, रिक्षा चालवल्या, पोळ्या लाटल्या, गाव गाठले. खंडणीची चिठ्ठी आली म्हणून दुकान विकून गेलेला वाणी आमचाच होता, आणि जामसंडेकरांच्या घरच्यांच्या दुःखापुढे माझी ही कैफियत काहीच नाही. पण त्या तीन पोरांना टोळीने बरोबर हेरले आणि आपल्याला ती दिसलीच नाहीत, हे कसे? टोळीकडे जामिनाचे पैसे होते, नवा शर्ट होता, काम होते. आपल्याकडे काय होते?

बंद गिरण्यांच्या भिंतींआड पुढेही काय घडत राहिले, ते ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या आवारातल्या सामूहिक बलात्काराने साऱ्या देशाने पाहिले. त्याच आवारात सुमारे तीन आठवडे आधी तसाच एक अत्याचार झाला होता, हे त्यानंतर उघडकीला आले. आरोपींत अल्पवयीनही होते. ओसाड आवार वर्षानुवर्षे तसेच पडले होते. पहिला गुन्हा पुन्हा कोणाला दिसला नाही.

राहता राहिली घरे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, २०१६ च्या दोन सोडतींत २,६३४ आणि २,४१७, मार्च २०२० मध्ये ३,८९४. बेरीज १५,८७०. अकरा अर्जांमागे एक घर, आणि त्यातलीही कित्येक पनवेलजवळच्या कोनला. आता शेलू आणि वांगणी दाखवता. बदलापूरच्याही पुढे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर पावसात जी माणसे बसली होती, त्यांतली निम्मी काठी टेकत आली होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ज्या जमिनीवर घाम गाळला, तिच्या आसपास जागा द्या. आश्वासन मिळाले. आश्वासने ठेवायला आम्हाला आता वेगळे कपाट लागेल.

माझे मागणे त्यामानाने किरकोळ आहे, पैसा लागत नाही. नियम ५८ खाली नोकरी मिळालेल्यांची यादी गिरणीवार जाहीर करावी. यादी कोरी असेल तर कोरी छापावी, मुद्रणाची बाजू मी फुकट पाहून देतो. लालबाग, परळ, वरळी, भायखळ्याच्या ठाण्यांत १९८२ ते १९९२ या काळात प्रथमच अटक झालेल्या मुलांची वये, त्यांच्या वडिलांचा धंदा आणि त्यांचा जामीन कोणी भरला, एवढ्या तीनच रकान्यांचा तक्ता गृह खात्याने करावा. कागद असतील. वाळवीने खाल्ले असतील तर तेही कळवावे. आणि आज त्याच ठाण्यांत एखादा मुलगा पहिल्यांदा आणला जातो, तेव्हा त्याच्या वयाचा दाखला कोण पाहते, हे आपण एकदा स्वतः, आगाऊ न कळवता, रात्री अकरानंतर जाऊन बघावे.

वडिलांच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. वारस म्हणून माझे नाव लावायला दिले आहे, अजून लागलेले नाही. उत्तर लेखी पाठवावे. आमच्या चाळीवर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवली आहे, पण टपाल अजून येते.

आपला,
लालबागचा एक मतदार